फाट्यावरचा इंडिकेटर आणि प्रकाशाचा वेग

आमच्या भागात अभिनंदन घटनेच्या आधी पोचतं. निवडणुकीच्या दिवसांत बारामतीहून इंदापूरकडे निघालात, तर मतमोजणी व्हायच्या आधीच विजयाचे फ्लेक्स लागलेले दिसतात आणि एकाच जागेवर दोन-दोन उमेदवार प्रचंड मतांनी निवडून आलेले असतात. नवा माणूस गोंधळतो. आम्हाला सवय आहे. ज्याचा फ्लेक्स चुकला तो निकालानंतर निमूट उतरवून घेतो, आणि त्याबद्दल त्याला कुणी वाईट म्हणत नाही.

त्यामुळे माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं एका दुपारी जळोचीच्या माझ्या घरी येऊन फोनवरचा फोटो पुढे धरला, तेव्हा मला आधी फक्त हसू आलं. फोटो फ्लेक्सचा होता. मधोमध हात जोडलेले साहेब, म्हणजे ज्यांच्या हस्ते आमच्याकडे सगळं होतं ते. त्यांच्या खांद्याशी तिच्या गावचे आबा. खाली डाव्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या आकारात, ही मुलगी. तिच्या नावाआधी ‘डॉ.’ आणि नावाखाली जाड अक्षरांत : प्रकाशाचा वेग मोडणारी आपली कन्या. मागे निळ्या विजा चमकत होत्या.

“यात काय काय चुकलंय ते सांगू का, मॅडम?” ती म्हणाली.

“सांग.”

“मी अजून डॉक्टर नाही. प्रबंध दिलाय, तोंडी परीक्षा व्हायचीय. दुसरं म्हणजे मी कशाचाही वेग मोडलेला नाही. आणि हे शुभेच्छुकांमध्ये बघा कोण बसलंय.”

मी चष्मा लावून पाहिलं. खालच्या रांगेत सरपंच आणि दूध डेअरीचे चेअरमन यांच्यामध्ये, केस विस्कटलेले, पांढऱ्या मिशांचे, साऱ्या जगाला ठाऊक असलेले ते शास्त्रज्ञ होते. प्रकाशाच्या पुढे काहीही जाऊ शकत नाही असं ज्यांनी सांगितलं तेच. फ्लेक्सवाल्यानं विषयाला धरून म्हणून त्यांचा फोटो घेतला असावा आणि मोकळी जागा मिळाली तिथे बसवला असावा. आपला नियम मोडल्याबद्दल ते स्वतः तिला शुभेच्छा देत होते. एवढं मोठं मन आमच्या तालुक्यात अलीकडे कुणी दाखवलेलं नाही.

पण ती हसत नव्हती.

ती इंदापूर तालुक्यातल्या एका ऊसवाल्या गावातली. बी.एस्सी.ला माझ्या वर्गात होती, नंतर पुण्याच्या एका संस्थेत संशोधनाला गेली. तिचं काम थोडक्यात सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. काचेच्या नळीत एका धातूची विरळ वाफ भरायची, ती लेझरनं विशिष्ट तऱ्हेनं तयार ठेवायची आणि त्या नळीतून प्रकाशाची एक छोटी लाट सोडायची. लाट कशी, तर मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती. गंमत अशी की नळीच्या पलीकडच्या तोंडातून लाटेचा फुगवटा अपेक्षेपेक्षा आधी बाहेर पडतो. नळी रिकामी असती तर प्रकाश जेव्हा पोचला असता, त्याच्याही आधी. घड्याळ बघणाऱ्याला वाटावं, प्रकाशानं स्वतःचीच मर्यादा ओलांडली.

हे जगात बऱ्याच जणांनी करून पाहिलेलं आहे आणि दरवेळी कुठल्यातरी वर्तमानपत्रात नियम मोडल्याची बातमी येते. नियम मोडत नाही. नळीतली वाफ लाटेच्या निमुळत्या पुढच्या टोकावरून पुढे काय येणार याचा जणू अंदाज बांधते आणि तिथेच, पुढच्या पुढे, एक फुगवटा उभा करते. मागून येणारा खरा फुगवटा गिळून टाकते. धावलं कुणीच नाही. या मुलीनं तेच कसून तपासलं होतं. लाट अर्ध्यातच तोडायची आणि तोडल्याची खबर पलीकडे कधी पोचते ते मोजायचं. फुगवटा लवकर येतोच. पण तोडल्याची खबर, म्हणजे खरोखर नवी गोष्ट, प्रकाशाच्या नेहमीच्या वेगाच्या पुढे एकदाही गेली नाही. तिचा प्रबंध म्हणजे ‘नाही’ हे उत्तर, फार काळजीपूर्वक दिलेलं.

आता हे वडिलांना फोनवर कसं सांगायचं? तिनं सांगितलं होतं, “तात्या, आमच्या नळीतून लाईट वेळेच्या आधी बाहेर येते.” घरात, गावात सगळे त्यांना तात्याच म्हणतात. तात्यांचं सगळं आयुष्य उसात गेलेलं. आणि ऊसवाल्याला विज्ञान म्हणजे एकच गोष्ट माहीत असते : एकरी उतारा. कुणी शंभर टनांच्या वर काढला की कारखाना त्याला फेटा बांधतो, बायकोला साडी देतो, फोटो छापून येतो. तात्यांचा चुलतभाऊ असा एकदा छापून आला होता आणि तेव्हापासून तो बोलताना हात जरा वर उचलून बोलायचा. मुलगी पुण्यात वर्षानुवर्षं कशावर तरी काम करतेय आणि आता काहीतरी वेळेच्या आधी बाहेर आलं म्हणतेय, तर त्याचा अर्थ त्यांच्या दृष्टीनं सरळ होता. रेकॉर्ड मोडलं. त्यांनी सकाळी डेअरीवर दूध घालताना तसं सांगितलं, आणि संध्याकाळी आबा साहेबांच्या हस्ते सत्कार ठरवून, पेढे घेऊन दारात.

“मग तात्यांना खरं सांग.”

“सांगितलं, मॅडम. ते म्हणाले, एवढ्या लोकांना सांगून झालंय, आता वेग कमी कसा करायचा.”

“आणि तुझे मार्गदर्शक?”

यावर तिनं फोन पालथा ठेवला. तिचे मार्गदर्शक अतिशयोक्तीचा तिटकारा असलेले. प्रबंधात ‘क्रांतिकारक’ हा शब्द दिसला तर पान परत करणारे. बाहेरून येणारे परीक्षकही त्याच गोत्रातले. सत्काराची बातमी दुसऱ्या दिवशी छापून येणार आणि फोनच्या कृपेनं पुण्यात पोचणार, यात शंका नव्हती. “या विषयात माणूस एकदा चेष्टेचा झाला की झाला,” ती म्हणाली. “पहिला प्रश्न तोच विचारतील, की तुमच्या नावावर हे काय आलंय. आणि मी काय सांगू, गावानं केलं?”

“तू स्टेजवर सरळ सांगून टाक, मी काही मोडलेलं नाही म्हणून.”

“त्याचा उपयोग नाही. सत्कारमूर्तीनं नाहीच म्हणायचं असतं. मी नाही म्हटलं की लोक म्हणतील, बघा किती नम्र आहे, आणि आणखी टाळ्या वाजवतील.”

हे तिचं निरीक्षण अगदी खरं होतं. आमच्याकडे सत्काराला उत्तर देताना ‘माझी एवढी योग्यता नाही’ असं म्हणायची पद्धत आहे. ते ऐकून घेतात; खरं कुणी धरत नाही. म्हणून तिला दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ते हवं होतं. प्रमुख वक्त्या म्हणून माझं नाव आबांनी टाकलेलंच होतं. मला विचारायचं राहून गेलं होतं एवढंच.

सत्काराच्या दिवशी आबा स्वतः गाडी घेऊन मला न्यायला आले. ते कारखान्याचे माजी संचालक. ‘माजी’ हे पद त्यांनी असं भूषवलंय की आजी संचालकांना कुणी ओळखत नाही. काटेवाडी मागे पडेपर्यंत ते ऊसतोडीवर बोलले, मग घसा साफ केला.

“मॅडम, एक इनंती हाय. लई खोलात जाऊ नगा.”

“किती खोलात जाऊ?”

“गुडघ्याएवढं. लाईट लई जोरात पळती, आपल्या पोरीनं ती आनखी पळवली, एवढं झालं की बास.”

“आबा, तिनं ती पळवलेली नाही. लाईट तिच्या वेगानंच पळते, हे तिनं सिद्ध केलंय.”

त्यांनी गाडीचा वेग कमी केला. ट्रॅक्टरला जागा देण्यासाठी की विचार करण्यासाठी, कळलं नाही.

“म्हंजी आधी जेवढी पळत हुती तेवढीच?”

“तेवढीच.”

“मग सत्कार कशाचा करायलोय आमी?”

“तेच मी विचारणार होते.”

“न्हाय मॅडम, आसं करू नगा. तात्या आजवर दुसऱ्याच्या सत्काराला खुर्च्या मांडत आलाय. ह्या डावाला त्याला पुढच्या रांगंत बसवलाय.” मग थोडं थांबून, हळूच : “आन मंडप घातलाय.”

मंडपाचा मुद्दा तात्यांच्या मुद्द्याइतकाच वजनदार होता हे मला त्यांच्या आवाजावरून समजलं.

मंडप खरोखरच मोठा होता. स्टेजवर सोफे आणि मधला सोफा मोकळा. तो साहेबांचा. साहेब बारामतीतला एक कार्यक्रम उरकून येणार होते, त्यामुळे ते येईपर्यंत इतरांनी बोलायचं होतं. तात्या पुढच्या रांगेत बसले होते, नवं धोतर, इस्त्रीचा सदरा, हात मांडीवर. त्यांच्या शेजारी तो शंभर टनवाला चुलतभाऊ. तात्यांनी पाठ टेकलेली मी शेवटपर्यंत पाहिली नाही.

सरपंचांनी सुरुवात केली. त्यांच्या मते आपल्या कन्येनं प्रकाशाला थोडं मागं टाकलं होतं. डेअरीच्या चेअरमननी ते दुप्पट केलं. पतसंस्थेच्या चेअरमनना दुप्पट कमी वाटलं. ते म्हणाले, इथून बॅटरी मारली तर पुण्यात उजेड आधी पडेल आणि बटण इथं नंतर दाबलं जाईल. भुसार बाजारातल्या लिलावासारखं होतं ते. आधीच्या बोलीच्या खाली कुणालाच जाता येत नव्हतं. एक युवा नेते उठले आणि त्यांनी प्रकाशाचा वेग थेट साहेबांच्या विकासकामांच्या वेगाशी जोडला. त्यानंतर बोली संपली, कारण त्याच्या वर जायला जागा राहिली नाही.

मुलगी माझ्या शेजारी बसली होती. प्रत्येक भाषणाबरोबर तिचा चेहरा थोडा आणखी उतरत होता. समोर एक स्थानिक वार्ताहर मांडीवर बॅग ठेवून बसले होते आणि काहीच लिहून घेत नव्हते. मला ते चांगलं लक्षण वाटलं. चूक होती ती माझी, पण ते नंतर कळलं.

साहेबांच्या स्वागताची व्यवस्था आबांनी चोख केली होती. मोठ्या रस्त्यावरून गावाकडे वळायचा फाटा आहे, तिथे एक माणूस उभा केला होता. गाडी वळली की त्यानं फोन करायचा. फोन आला की मंडपाच्या तोंडाशी फटाक्यांची माळ लावायची, हलगी सुरू करायची, आणि सूत्रसंचालक गुरुजींनी आगमनाची घोषणा करायची. फाट्यापासून मंडपापर्यंत गाडी येते तेवढ्या वेळात माळ निम्मी वाजून होते आणि साहेब नेमके धुरातून प्रकट होतात. ही रीत आमच्याकडे पक्की बसलेली आहे. स्वागत साहेबांच्या आधी सुरू झालं नाही तर ते उशिरा झालं असं मानतात.

पतसंस्था आणि युवा नेते बोलून झाल्यावर फोन वाजला. आबांनी कानाला लावला, हात वर केला. माळ पेटली. हलगी कडकडली. सगळा मंडप उठून उभा राहिला, गुरुजी माईकवर म्हणाले, “साहेबांचं आपल्या गावात आगमन झालेलं आहे, जोरदार टाळ्यांनी स्वागत करू या,” आणि टाळ्या खरोखरच जोरदार झाल्या. स्टेजवर आम्ही दोघीही उभ्या राहिलो. धूर आला. धूर विरला. साहेब काही आले नाहीत.

हलगीवाले थोडा वेळ वाजवत राहिले, मग एकमेकांकडे बघून थांबले. लोक उभेच. आबा फोनवर होते आणि हळूहळू स्टेजच्या मागच्या कनातीकडे सरकत होते, पण आवाज त्यांचा मुळातच मोठा.

“अरं वळली म्हनलास न्हवं?... इंडिकेटर दिला म्हंजी वळली व्हय?... मग?... सरळ गेली? कुठं सरळ?”

झालं होतं ते असं. साहेबांची गाडी फाट्यावर आली, वेग कमी केला, गावाच्या बाजूचा इंडिकेटर दिला. माणसानं तो पाहिला आणि लगेच फोन लावला, कारण इंडिकेटर दिलेली साहेबांची गाडी आजवर वळली नाही असं झालेलं नव्हतं. तेवढ्यात गाडीत कुणाचा तरी फोन आला असावा. इंडिकेटर बंद झाला आणि गाडी सरळ इंदापूरला गेली. तिथे एक मोठं लग्न होतं. ती सरळ गेल्याचं त्या माणसानं कळवलं तेव्हा इकडे माळ वाजून संपली होती.

लोक खाली बसले. मागच्या बाजूला स्वयंपाकाच्या पातेल्यांचे आवाज वाढले. आबा माझ्याकडे येऊन कानाशी म्हणाले, “मॅडम, तुमी जरा लांबवा. दुसरं कोन मिळतंय का बघतो.”

मी उठले. मी तयारी केली होती आणि ती चांगली होती असा माझा समज होता. वाफ, लाट, फुगवटा अशी सुरुवात केली. पुढच्या दोन-तीन रांगा सौजन्यानं माझ्याकडे बघत होत्या, मागच्या जिलेबीच्या कढईकडे. वर्गात असं झालं की मी खडू ठेवून खिडकीशी जात असे. इथे खिडकी नव्हती. मी मुलीकडे पाहिलं आणि म्हटलं, तूच ये.

तिच्याकडेही कागद होता. तो तिनं घडी घालून ठेवला.

“मला एक विचारायचंय,” ती माईकवर म्हणाली. “आत्ता फटाके कुणासाठी वाजले?”

माना इकडेतिकडे वळल्या. मग मधून कुठूनतरी : “साहेबास्नी.”

“आणि साहेब कुठायत?”

“लग्नात,” तोच आवाज म्हणाला. मंडप हसला. आबांनी फोनमध्ये मान घातली.

“म्हणजे टाळ्या साहेबांच्या आधी इथं पोचल्या. बरोबर? मग टाळ्या साहेबांच्या गाडीपेक्षा जोरात पळत आल्या, असं म्हणायचं का?”

आता बायकांच्या बाजूनं एक म्हातारी बोलली. “टाळ्या कशाला पळत येतील, बाई? हितं बसल्यालीच वाजवत हुती की.”

“आजी, हेच,” ती म्हणाली. “माझ्या नळीतपण असंच होतं. टाळ्या नळीतल्याच असतात. प्रकाशाचं पुढचं बारीक टोक येतं, ते म्हणजे इंडिकेटर. ते बघून नळीतली वाफ टाळ्या वाजवून मोकळी होते. बाहेरच्याला वाटतं, पोचले. पण पोचलेलं कुणी नसतं. गाडी तिच्याच वेगानं असते.” ती थांबली. “आणि समजा गाडी मध्येच सरळ गेली, तरी टाळ्या वाजतातच. आपण बघितलं. ती सरळ गेली ही खरी नवी बातमी. ती फोननं आली, तेव्हाच आली. त्याच्या आधी इथं कुणालाच ती कळली नाही. आबांनासुद्धा नाही.”

पुन्हा हसू. आबासुद्धा हसले, दुसरा मार्ग नव्हता.

“मी इतकी वर्षं एवढंच तपासलं. नवी बातमी प्रकाशाच्या पुढं पळते का. मी सगळ्या बाजूंनी बघितलं. नाही पळत.”

एकदम शांत झालं. लोकांना समजलं होतं, त्यात शंका नव्हती, आणि समजल्यामुळेच पंचाईत झाली होती. गुरुजी म्हणाले, “टाळ्या झाल्या पाहिजेत,” पण ‘नाही’ला टाळ्या वाजवायच्या का, हे कुणालाच ठरवता येईना. त्या शांततेत चुलतभावाचा आवाज आला, हात जरा वर उचलून :

“म्हंजी रेकॉर्ड मोडलं न्हाय.”

“नाही, काका.”

मी तात्यांकडे पाहिलं नाही. आबांनी पटकन शाल उलगडली, नारळ माझ्या हातात दिला आणि त्यातल्या त्यात वरचा मान म्हणून माझ्या हस्ते सत्कार उरकून घेतला. मग सगळे जेवायला उठले.

पंगतीत तात्या जिलेबी वाढत फिरत होते. ती वाढायला माणसं होती, पण बसून राहिलं तर कुणाशी तरी बोलावं लागलं असतं. चुलतभाऊ त्यांना म्हणाला, “तात्या, आसू दे. माझंबी पयल्या साली दोन टनानं हुकलं हुतं.” तात्यांनी त्याच्या पानात आणखी एक जिलेबी टाकली आणि पुढे गेले. मुलगी हे लांबून बघत होती आणि तिचं जेवण तसंच होतं.

एवढ्यात तिला वार्ताहरांचं आठवलं. आम्ही दोघी त्यांच्या पानासमोर जाऊन उभ्या राहिलो. बातमीत काय लिहिणार, असं तिनं विचारलं.

“बातमी गेली की,” ते म्हणाले. “दुपारीच पाठवली. आबांनी मजकूर दिला होता.”

म्हणून ते काही लिहून घेत नव्हते. प्रकाशाचा वेग मोडणाऱ्या कन्येचा साहेबांच्या हस्ते सत्कार झाल्याची बातमी, सत्कार व्हायच्या आधीच, पुण्याच्या कार्यालयात पोचली होती.

“ती बदला ना. त्यात लिहिलंय ते खोटं आहे.”

“ताई, आता पान लागायला घेतलं असेल. विज्ञानातला खुलासा काय, पुढच्या आठवड्यात टाकू. कुणाचं नुकसान आहे त्यात?”

कुणाचं, ते त्यांना सांगायला सबंध प्रबंध लागला असता. मला एक साधं सुचलं.

“साहेब इंदापूरच्या लग्नात आहेत,” मी म्हटलं. “तिथलाही तुमचा कुणी वार्ताहर असेल ना?”

“असणारच.”

“तो फोटोसह बातमी पाठवील. आणि तुमच्या बातमीत साहेब त्याच वेळी इथं नारळ देतायत. दोन्ही एकाच पानावर.”

त्यांचा घास हातातच राहिला. प्रकाशाच्या वेगाला कुणी काही केलं तरी ते शांत होते. साहेब एका संध्याकाळी दोन गावांत असणं त्यांना परवडणारं नव्हतं. ते पानावरून उठले, हात न धुता डाव्या हातानं फोन लावला आणि मंडपाच्या बाहेर जाऊन कुणालातरी काकुळतीनं सांगू लागले की ती बातमी काढा, पूर्ण काढा, दुसरी देतो. परत येऊन मुलीला म्हणाले, “ताई, पटकन सांगा. थोडक्यात. गुडघ्याएवढं.” हा शब्द गावात सगळ्यांचाच असावा. तिनं सांगितलं, त्यांनी उभ्यानं फोनवर टाइप केलं, आणि पाठवायच्या आधी तिनं ते वाचायला मागितलं. दोन वेळा वाचलं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. आतल्या पानावर, खालच्या बाजूला, एका स्तंभात. मथळा पुण्याच्या कार्यालयातल्या कुणीतरी दिला होता, दूधदर आणि पाणीपट्टीच्या बातम्यांना द्यायची सवय असलेल्या माणसानं :

प्रकाशाचा वेग कायम
इंदापूर तालुक्यातील संशोधक कन्येचा निर्वाळा

त्याच पानावर वर साहेब लग्नात अक्षता टाकत होते, एकाच गावात.

अकराच्या सुमारास मुलीचा फोन आला. तिच्या मार्गदर्शकांपर्यंत ते कात्रण सकाळीच गेलं होतं आणि त्यांनी तिला बोलावून घेतलं होतं. ते हसत होते, ती म्हणाली. त्यांना हसताना तिनं आधी पाहिलं नव्हतं. या विषयावरचा बरोबर मथळा त्यांनी पहिल्यांदाच वाचला होता, आणि प्रबंधाचं लांबलचक शीर्षक आता बदलता येत नाही याचं त्यांना वाईट वाटत होतं. तिच्या आवाजातला ताण गेला होता. मग तो थोडा परत आला. “तात्यांना विचाराल का तुम्ही? माझ्याशी ते नीट बोलतायत, पण फारच नीट बोलतायत.”

मी विचारायच्या आधी तात्यांचाच फोन आला. ते डेअरीवरून घरी आले होते.

“मॅडम, निर्वाळा म्हंजी चांगलं का वाईट?”

“चांगलं, तात्या. खात्री करून दिलेला शब्द.”

“तरीच. मी तसंच धरलं हुतं.” मग त्यांनी सकाळचं सांगितलं. डेअरीवर पेपर आला तेव्हा चुलतभावानं तो सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला आणि विचारलं, वेग कायम, मग पोरीनं इतकी वर्षं केलं काय?

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हनलं, मागं ते नवं बेणं आलं हुतं ऊसाचं, आठवतंय का? एकरी दीडपट येतंय म्हनत हुतं. तू काय केलंस? डोळं झाकून सगळ्या रानात लावलंस. मी चार सऱ्या लावून बघितल्या आन सांगितलं, न्हाय येत. निम्मं गाव माझं ऐकून वाचलं. तवा मला कुनी इचारलं न्हाय, तात्या, तू केलं काय. आता पोरीनं चार सऱ्या लावून बघितल्यात. न्हाय येत म्हनती. जग लावनार हुतं ते बेणं.”

“मग ते काय म्हणाले?”

“काय म्हनतोय. त्याचं दूध फॅटला कमी भरलं, त्यात गुतला.” मग आवाज खाली आणून : “मॅडम, पोरीला सांगा, मी बराय. मी सांगितलं तर तिला खरं वाटंना.”

मी सांगते म्हटलं.